कामकाजातून वगळलेले

एकोणीस वर्षं मी सभागृहातलं बोलणं उतरवतोय,
लुसाकात, टेकडीवरच्या तांब्याच्या छपराखाली.
कोण काय म्हणालं ते लिहायचं.
का म्हणालं, ते माझ्या खात्यात येत नाही.

लुयांडो सियांजुंगु. अध्यक्षांच्या डाव्या हाताला, तिसरी रांग,
खांबाआडची जागा, कॅमेरा पोचत नाही ती.

कर्जाचं विधेयक आलं तेव्हा म्हणाल्या,
अध्यक्ष महोदया, एक्केचाळिसावं पान कुणी वाचलंय?
मी लिहिलं : हशा.

मक्याची निर्यात खुली झाली तेव्हा
गोदामातल्या पोत्यांचा एक आकडा त्यांनी दिला,
दुसरा मंत्र्यांनी.
चार महिन्यांनी तिसराच निघाला, दोघांच्याही खालचा.
तेव्हा उठल्या, म्हणाल्या, मीही चुकले होते, नोंद घ्या.
असली नोंद घ्यायची माझी पहिलीच वेळ.
शाई झटकून पाहिली, पेन चालतंय ना.

त्यांच्याच पक्षाचा प्रतोद त्यांच्यावर वैतागलेला.
सभात्यागाला सगळे उठले की या बसून,
चष्मा पुसत.
बाहेर जाऊन विरोध कुणाला करू, म्हणतात,
जॅकरांडाला?

मग तो करार. वीज शेजारच्या देशांना, वीस वर्षं.
ऑक्टोबर होता, जांभळी फुलं डांबराला चिकटलेली.
बोलायला तीन मिनिटं.
दोन गेली धरणाच्या पातळीत, युनिटच्या दरात,
शहरातल्या चौदा तासांच्या अंधारात
आणि न्हाव्यांनी भाड्यानं आणलेल्या जनरेटरांत.
मग कागद खाली ठेवला.

म्हणाल्या, माझ्या मतदारसंघात रात्री दिवे दिसतात
ते फक्त तळ्यावर, कापेंटा धरणाऱ्या तराफ्यांवर.
बोटभर मासे उजेडाला भुलून जाळ्यात येतात.
माणसांना भुलवायला तरी तेवढे लावा.

हशा. दोन्ही बाजूंनी.

आणि उरलेल्या मिनिटात एकच वाक्य, टोंगात.
सभागृहाची भाषा इंग्रजी, नियम आहे.
हातोडा पडला. वाक्य कामकाजातून काढून टाकावं.
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
विधेयक संमत.

मी उत्तरेकडचा, बेम्बा बोलणारा.
टोंगा येत नाही, पण कानाला सवय लागलेली.
पेन्सिलीनं, समासात, आवाज तेवढे उतरले होते.
उपाहारगृहात चोओल्वे शिमा घोटत होती.
कागद हातात घेतला नाही. म्हणाली, वाच.
मी वाचलं, जमेल तसं.
डाव थांबला.

हा प्रश्न खोऱ्यातला आहे, म्हणाली.
धरण बांधताना लॉऱ्या आल्या,
कर्ण्यातून बोलणाऱ्या साहेबाला लोकांनी विचारलेला :
पाणी कुठवर येणार?
यांनी नुसतं क्रियापद बदललंय.
पाणी कुठवर जाणार?

यंदा तळं इतकं मागे हटलंय की
बुडालेल्या मोपानेंचे बुंधे उघडे पडलेत,
एका बुंध्याशी कुणाचं उखळ, तसंच, उभं.
त्या लॉरीत लुयांडोबाई होत्या, पाच महिन्यांच्या,
कोंबड्यांच्या टोपलीशेजारी.
हे सभागृहात त्या कधीच बोलल्या नाहीत.
हेही चोओल्वेनंच सांगितलं, पुन्हा घोटायला लागत.

छापील खंडात वगळलेल्या मजकुराच्या जागी फुली येते.
नियमानं एक पुरते.
मुद्रितं मीच तपासतो. मी तीन राहू दिल्या.

आठवड्यानं त्या माझ्या टेबलाशी थांबल्या,
खंड उघडा, बोट त्या ओळीवर.
मला वाटलं, आभार वगैरे.

टोंगात, म्हणाल्या, ते चार शब्द होतात.